आराखड्यात आधी गाडी

जुनी इमारत पाडून नवी बांधायचं ठरलं, की आमच्या ऑफिसात पहिलं रेखाटन होतं ते गाड्यांचं. अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब असे आयत प्लॉटवर मांडायचे, गाडी वळवायला मध्ये पुरेशी वाट ठेवायची, रॅम्प कुठून उतरेल ते बघायचं, आणि मग उरलेल्या जागेत जिना, लिफ्ट, मीटर रूम, पाण्याची टाकी बसवायची. गाड्यांचा हिशेब जुळला की वर माणसं कशी राहतील याचा विचार सुरू होतो. मी वास्तुविशारद आहे. गेली बरीच वर्षं पुण्यात कोथरूड, कर्वेनगर, सहकारनगर या भागांत सोसायट्यांच्या पुनर्विकासाची कामं करते. नव्या घराबरोबर गाडीची जागा बांधलीच पाहिजे का, या प्रश्नावरचं माझं मत या कामातूनच घडत गेलं. ते आता पक्कं झालं आहे, म्हणून हे लिहिते आहे.

खालची गाडी वरच्या घरावर किती अधिकार गाजवते, हे सभासदांना नकाशा समोर ठेवल्याशिवाय पटत नाही. कॉलम वरपासून खालपर्यंत सरळ यावे लागतात. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या करायच्या तर दोन कॉलमांमध्ये निव्वळ पाच मीटर हवेत, तीन करायच्या तर साडेसात. हॉलची रुंदी, पलंगाशेजारी कपाट मावेल की नाही, बाल्कनी कुठल्या बाजूला निघेल, हे सगळं त्या मोजमापातून ठरतं. एका सभेत एका बाईंनी विचारलं होतं, "अहो मॅडम, ओटा खिडकीसमोर का नाही घेतलात? सकाळचं ऊन आलं असतं." खिडकी हवी होती तिथे कॉलम होता, आणि कॉलम तिथे होता तो खालच्या दोन गाड्यांना दारं उघडता यावीत म्हणून. त्यांच्या घरी गाडी नव्हती.

ज्या इमारती आम्ही पाडतो, त्या बहुतेक सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या. १९६१ साली पानशेतचं धरण फुटलं, नदीकाठच्या पेठांतली घरं गेली, आणि पूरग्रस्तांसाठी सहकारनगर, गोखलेनगरसारख्या भागांत वसाहती उभ्या राहिल्या. शहर मूळ गावठाणाबाहेर सरकत गेलं. पुढे सहकारी सोसायट्या झाल्या. तीन मजले, लिफ्ट नाही, तळमजल्यावरही राहती घरं. सायकली जिन्याखाली आणि नंबर लावून बरीच वर्षं वाट बघून मिळालेली बजाजची स्कूटर फाटकाशेजारी. तळमजल्यावरच्या घराच्या पायरीवर संध्याकाळी कोणी तरी भाजी निवडत बसलेलं असायचं. येणाऱ्याजाणाऱ्यावर त्यांची नजर असायची, मुलं त्यांच्यासमोर खेळायची. बाजूच्या मार्जिनमध्ये नारळ, आंबा, पारिजातक, तगर.

नव्या इमारतीत तळमजल्यावर कोणीच राहत नाही. स्टिल्टमध्ये, म्हणजे खांबांमधल्या मोकळ्या तळमजल्यात गाड्या, त्यावर पोडियमवर पुन्हा गाड्या, खाली बेसमेंट झालं तर तिथेही गाड्या. पहिलं माणूस राहतं ते या सगळ्याच्या वर. मार्जिनमधली झाडं जातात, कारण तिथून अग्निशमन दलाची गाडी फिरली पाहिजे आणि आपल्या गाड्याही वळल्या पाहिजेत. मातीच्या जागी पेव्हर ब्लॉक येतात. ज्यांचे गुडघे दुखतात त्या आजी-आजोबांना लिफ्ट मिळते, हे फार मोठं सुख आहे आणि मी ते कमी लेखत नाही. पण खाली उतरल्यावर त्यांना बसायला जागा उरत नाही, आणि त्यांना ओळखणारं दारही उरत नाही.

ही जागा लागते तरी किती? आयत फक्त साडेबारा चौरस मीटरचा दिसतो. पण गाडी तिथपर्यंत पोचायला वाट लागते, वळण लागतं, रॅम्प लागतो. दिल्लीच्या बृहद् आराखड्यात हा हिशेब सरळ मांडला आहे: एका मोटारीला उघड्यावर २३ चौरस मीटर, छताखाली २८, तळघरात ३२. आता दुसरा आकडा बघा. झोपडपट्टी पुनर्वसनात एका कुटुंबाला मिळणारं घर ३०० चौरस फुटांचं, म्हणजे जेमतेम २८ चौरस मीटरचं. प्रधानमंत्री आवास योजनेच्या पहिल्या टप्प्यात दुर्बल घटकांच्या घराचं चटई क्षेत्र ३० चौरस मीटरपर्यंत होतं. एका कुटुंबाच्या स्वयंपाकाला, झोपेला, अभ्यासाला, आजारपणाला आपण जेवढी जागा देतो, जवळजवळ तेवढीच एका उभ्या गाडीला देतो. हे दोन आकडे मी एकदा शेजारी शेजारी लिहिले आणि त्यानंतर पार्किंगकडे निव्वळ तांत्रिक बाब म्हणून पाहणं मला जमलं नाही.

राज्यात डिसेंबर २०२० मध्ये एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आली. मुंबईसारखी काही क्षेत्रं सोडली तर बहुतेक शहरांत तीच चालते. तिच्यात घराच्या क्षेत्रफळाप्रमाणे पार्किंगचा तक्ता आहे: मोठ्या सदनिकेला जास्त गाड्या, लहान सदनिकांना दोघांत मिळून एक, शिवाय पाहुण्यांसाठी थोडी जागा. घरात गाडी आहे का, हे तक्ता विचारत नाही. घर किती मोठं, एवढंच विचारतो. आणि पुनर्विकासात प्रत्येकाचं घर मोठं होतं, म्हणून गाड्यांची संख्याही आपोआप फुगते. पार्किंगची जागा एफएसआयमध्ये, म्हणजे प्लॉटवर परवानगी असलेल्या बांधकामात मोजत नाहीत, त्यामुळे सभासदांना ती फुकट मिळाल्यासारखी वाटते. प्रत्यक्षात तिचा प्रत्येक घनमीटर कोणीतरी खणलेला किंवा बांधलेला असतो आणि त्याची मजुरी कोणीतरी भरलेली असते.

पुण्यात खणणं म्हणजे काय, ते साइटवर उभं राहिल्याशिवाय कळत नाही. वर थोडी माती, मग मुरूम, आणि मग काळा पाषाण. दाट वस्तीत सुरुंग लावता येत नाही, ब्रेकरने फोडावं लागतं. दिवसभर ती धडधड चालते, शेजारच्या इमारतीतली माणसं खिडक्या बंद करून बसतात, लहान मुलं झोपत नाहीत. पावसाळ्यात खडकातल्या भेगांमधून पाणी पाझरतं. इमारत उभी राहिल्यावरही बेसमेंटमधलं पाणी उपसायला पंप लागतो, हवा खेळती ठेवायला पंखे लागतात, आग लागली तर धूर बाहेर काढायची यंत्रणा लागते, चोवीस तास दिवे लागतात. हा खर्च इमारत असेपर्यंत चालू राहतो आणि मेंटेनन्समध्ये सगळ्यांच्या नावावर पडतो, ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांच्याही.

जागा कमी पडली की मेकॅनिकल पार्किंग येतं. एकावर एक गाड्या चढवणारे स्टॅक, किंवा पॅलेट सरकवत आपली गाडी खाली आणणारं पझल. कागदावर संख्या जुळते आणि नकाशा मंजूर होतो. पुढे सकाळी नऊ वाजता तिघांना एकदम निघायचं असतं, वीज गेलेली असते, देखभालीच्या कराराची मुदत संपलेली असते, नवी घेतलेली उंच गाडी पॅलेटवर मावत नाही. हळूहळू लोक खालच्या पॅलेटपुरतंच यंत्र वापरतात आणि बाकीच्या गाड्या रस्त्यावर लावतात. ताबा दिल्यावर काही वर्षांनी मी माझ्या इमारती पुन्हा बघायला जाते. ज्या यंत्रांसाठी आम्ही स्लॅबची उंची वाढवली होती, त्यांतली काही गंजून उभी दिसतात.

एका सोसायटीतली चर्चा मला नेहमी आठवते. पुनर्विकासाच्या विशेष सर्वसाधारण सभेला शासनाच्या २०१९ च्या निर्देशांप्रमाणे दोन तृतीयांश सभासद हजर लागतात. त्या दिवशी सभागृह भरलेलं होतं. पहिल्या रांगेत एक निवृत्त शिक्षिका बसल्या होत्या. एकट्या राहतात, पीएमपीच्या बसने फिरतात, आता मेट्रोनेही जातात. त्या उठून म्हणाल्या, "माझ्या वाट्याचं पार्किंग मला नको. तेवढे पैसे वाचत असतील तर माझी खोली मोठी करा, नाहीतर सोसायटीच्या कॉर्पस निधीत घाला." मागून एक तरुण सभासद म्हणाला, "काकू, उद्या घर विकायला काढलंत तर पार्किंगशिवाय कोण घेणार?" त्यावर त्या म्हणाल्या, "मी राहायला घर घेतेय रे, विकायला नाही."

दोघंही आपापल्या जागी खरे होते. बाजार खरोखरच पार्किंगची किंमत घराच्या किमतीत धरतो. पण बाईंचं म्हणणं मला जास्त मूलभूत वाटलं. बिल्डर जेव्हा सोसायटीला किती वाढीव एरिया आणि किती कॉर्पस देऊ शकतो याचा हिशेब करतो, तेव्हा बेसमेंटचा खर्च त्यातून आधी वजा झालेला असतो. सभासदाला तो दिसत नाही, कारण निविदेत तो वेगळा लिहिलेलाच नसतो. बाईंनी न वापरलेल्या जागेचे पैसे त्यांच्या खोलीतून कापले गेले होते. नियमाने मला त्यांच्या वाट्याची गाडी नकाशातून काढता आली नसती. मी ते त्यांना सांगितलं. त्यांना ते पटलं नाही आणि मलाही पटलेलं नव्हतं.

कायद्याने या प्रश्नाला हात घातला आहे, पण वेगळ्या बाजूने. दहिसरच्या पांचाली सोसायटीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१० रोजी निकाल दिला की स्टिल्टमधली किंवा उघड्यावरची पार्किंगची जागा बिल्डरला सदनिकेसारखी स्वतंत्रपणे विकता येणार नाही, ती सामायिक आहे. पुढे रेरा या स्थावर संपदा कायद्याने उघडं पार्किंग सामायिक क्षेत्रातच धरलं. छताखालच्या जागेचा व्यवहार मात्र होतो, आणि एप्रिल २०२४ मध्ये महारेराने, म्हणजे त्या कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाने, त्या जागेची लांबी, रुंदी, उंची, ठिकाण करारात लिहिणं सक्तीचं केलं. दोन कॉलमांच्या मध्ये अडकलेली, गाडीचं दारही न उघडणारी जागा पदरात पडलेल्या माणसांना याचा मोठा आधार आहे. पण कोणाला विकायचं आणि कसं विकायचं, याचे हे नियम आहेत. मुळात किती बांधायचं, हा प्रश्न तसाच राहतो.

हा प्रश्न सर्वांत तीव्रतेने मला एका पुनर्वसन प्रकल्पात भेटला. लहान घरं असल्यामुळे तिथे मोटारींची जागा थोडी आणि दुचाकींची जास्त होती. नकाशा समजावून सांगत असताना एका माणसाने विचारलं, "मॅडम, माझी रिक्षा कुठं लावू?" मग दुसऱ्याने टेम्पोचं विचारलं, एका बाईंनी भाजीच्या हातगाडीचं. तक्त्यात रकाने दोनच होते, कार आणि स्कूटर. स्कूटरच्या एक बाय दोन मीटरच्या चौकटीत रिक्षा मावत नाही. त्यांच्यासाठी गाडी हे पोटापाण्याचं साधन होतं, रात्री ती सुरक्षित राहिली नाही तर दुसऱ्या दिवशीची कमाई बुडते. वर्षातून काही वेळा बाहेर निघणाऱ्या दुसऱ्या मोटारीला आपला नियम जागा देतो आणि रोज रस्त्यावर राबणाऱ्या रिक्षेला देत नाही. तिथे आम्ही पाहुण्यांची जागा आणि मार्जिनचा एक कोपरा मिळून रिक्षा कशाबशा बसवल्या. खरं म्हणजे तिथे राहणाऱ्यांना आधी विचारायला हवं, आणि त्यांच्या उत्तरावरून तक्ता ठरायला हवा.

दुसरी बाजू मी रोज बघते. ज्या गल्ल्यांतल्या जुन्या इमारतींत पार्किंगच नाही, तिथे दोन्ही कडेला गाड्या लागतात. टँकर आत येत नाही. एका गल्लीत रुग्णवाहिका तोंडाशीच थांबली आणि चौघांनी खुर्चीत बसवून पेशंटला तिथपर्यंत नेलं, हे मी पाहिलं आहे. फुटपाथवर गाडी चढवलेली असते म्हणून शाळेची मुलं रस्त्यावरून चालतात. "पार्किंग बांधू नका म्हणता, मग या गाड्या जाणार कुठे?" असं मला सभेत विचारतात, तेव्हा त्या प्रश्नामागे ही गल्ली असते. रात्रपाळी करणाऱ्या बाईला, चाकाची खुर्ची वापरणाऱ्याला, डायलिसिसला आठवड्यातून ठरलेल्या दिवशी जाणाऱ्याला दाराशी गाडी लागते. पुण्यात बस वेळेवर येईल याची खात्री नसताना माणसाने स्कूटर घेतली, तर त्याला दोष कसा द्यायचा?

पण त्याच गल्लीतून चालताना मी आणखी एक गोष्ट बघते. नव्या, पुरेसं पार्किंग असलेल्या इमारतींसमोरही रस्त्यावर गाड्या असतातच. कारण रस्ता फुकट आहे. आत जाऊन रॅम्प उतरायचा, पॅलेटची वाट बघायची, त्यापेक्षा दारात लावली की झालं. घरातली दुसरी गाडी तर सरळ रस्त्यावरच. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणातच म्हटलं होतं की पार्किंगचं शुल्क त्या जमिनीच्या किमतीला साजेसं असावं. पुणे महापालिकेनेही २०१८ मध्ये रस्त्यावरच्या सशुल्क पार्किंगचं धोरण मंजूर केलं. ते रस्त्यावर उतरलेलं मला फारसं दिसत नाही. जोवर रस्ता फुकट आहे, तोवर इमारतीत कितीही मजले गाड्यांसाठी बांधले तरी गल्ली मोकळी होणार नाही.

अमेरिकेतले अभ्यासक डोनाल्ड शूप यांनी २००५ च्या आपल्या ग्रंथात हेच मांडलं: घराबरोबर पार्किंग सक्तीने बांधायला लावलं की त्याचा खर्च घराच्या किमतीत लपतो आणि गाडी नसलेला माणूस गाडीवाल्याचा भार उचलतो. लंडनने २००४ मध्ये, साओ पावलोने २०१४ मध्ये, मेक्सिको सिटीने २०१७ मध्ये किमान पार्किंगच्या सक्तीकडे पाठ फिरवली. आपल्याकडे लगेच तसंच करा, असं मी म्हणत नाही. २०११ च्या जनगणनेत देशातल्या फक्त ४.७ टक्के घरांकडे मोटार होती आणि २१ टक्क्यांकडे दुचाकी. त्यानंतर गाड्या खूप वाढल्या आहेत, तरीही मोटार नसलेली घरं आपल्याकडे मूठभर नाहीत. त्यांच्यावर हा खर्च लादणं आपल्याकडे जास्त अन्यायाचं आहे.

जपानने १९६२ सालीच वेगळी वाट धरली. गाडी घ्यायची तर ती ठेवायला जागा आहे असा दाखला आणा, अशी अट तिथल्या कायद्याने घातली. मे २०२५ मध्ये आपल्या राज्याच्या परिवहन मंत्र्यांनीही पार्किंगची जागा दाखवल्याशिवाय वाहन नोंदणी नको, असा विचार मांडला. मला ही दिशा योग्य वाटते, कारण जबाबदारी घरावरून उचलून गाडीवर ठेवली जाते. पण दाखला म्हणजे नुसता शिक्का ठरू नये. सोसायटीला किंवा एखाद्या सार्वजनिक वाहनतळाला भरलेल्या वार्षिक भाड्याची पावती हाच दाखला असेल, तर त्याला अर्थ येईल.

म्हणून माझं म्हणणं असं आहे: नव्या इमारतीत पार्किंग असावं, पण ते घराला बांधलेलं नसावं. ते सोसायटीचं असावं, ज्याला लागेल त्याने भाड्याने घ्यावं आणि ज्याला नको त्याच्या डोक्यावर त्याचा एक रुपयाही येऊ नये. उपविधींमध्ये याची सोय आधीपासूनच आहे. गाड्या जागांपेक्षा जास्त असतील तर दरवर्षी चिठ्ठ्या टाकून वाटप करता येतं, शुल्क सर्वसाधारण सभेला ठरवता येतं. काही वर्षांपूर्वी एका सोसायटीने माझ्या सांगण्यावरून विकसन करारातच लिहून घेतलं की पार्किंग सोसायटीच्या ताब्यात येईल, नव्या खरेदीदारांच्या सदनिकांनाही ते जोडलं जाणार नाही. बिल्डरने बरीच घासाघीस केली, शेवटी मान्य केलं. ताबा मिळाल्यावर सोसायटीने दर ठरवले: पहिल्या गाडीला एक दर, दुसरीला त्याहून बराच जास्त. जमणारी रक्कम मेंटेनन्समध्ये जाते, त्यामुळे गाडी नसलेल्यांचं मासिक देणं कमी झालं. दर ठरल्यावर काहींनी दुसरी गाडी विकून टाकली. आधी सभेत जागा अपुरी पडेल म्हणून आवाज चढत होते. प्रत्यक्षात काही जागा रिकाम्या राहिल्या आणि त्यांतल्या दोन सायकलींना दिल्या.

आराखड्यातही मी काही गोष्टी आग्रहाने करते. पार्किंगचे मजले शक्यतो सपाट ठेवते आणि त्यांची उंची जरा जास्त घेते, म्हणजे पुढे कधी गरज कमी झाली तर तिथे पाळणाघर, अभ्यासिका किंवा दवाखाना होऊ शकेल. रॅम्पच्या उतारावरच गाड्या लावायची रचना केली, की तो मजला कायमचा गाड्यांचाच राहतो. लिफ्टजवळची एक जागा अपंगांसाठी सोडते. रस्त्याकडच्या बाजूला, नियमात बसेल तेवढा तळमजला माणसांसाठी मागून घेते: बसायला कट्टा, एक खोली, दोन झाडांपुरती उघडी माती. बिल्डरशी सगळ्यात जास्त वाद याच तुकड्यावर होतो, कारण तिथे तीन गाड्या मावतात.

नियमांत बदल मात्र शासनानेच करायला हवा. पुण्यात मार्च २०२२ मध्ये मेट्रो सुरू झाली. स्थानकाच्या आसपास जास्त एफएसआय देऊन तिथे जास्त माणसांनी राहावं, असं धोरण आहे. मग त्याच इमारतींत प्रत्येक मोठ्या घरामागे गाड्यांची सक्ती का? स्थानकाजवळ किमान संख्येची अट काढावी आणि कमाल मर्यादा घालावी. इतरत्र सोसायटीने आपल्या गाड्यांचा खरा आकडा देऊन कमी पार्किंग मागितलं, तर ते मान्य व्हावं. लहान घरांच्या प्रकल्पांत रिक्षा, टेम्पो, हातगाडी यांना तक्त्यात रकाना मिळावा. आणि या सगळ्याच्या जोडीने रस्त्यावरची जागा मोफत मिळणं थांबावं, बस वाढाव्यात. यातलं एकच केलं तर गल्लीतल्या लोकांचा त्रास वाढेल, हे मला ठाऊक आहे.

तोवर सोसायट्यांच्या हातात एक गोष्ट आजही आहे, आणि नव्या कमिटीबरोबर पहिल्या बैठकीत मी तीच मागते. निविदा काढण्याआधी घरोघरी जाऊन विचारा: गाड्या किती, सायकली किती, कोणाला दाराशी गाडी लागतेच. मग निविदेत पार्किंगचा खर्च वेगळ्या ओळीत लिहून मागवा, बेसमेंट किती, यंत्रं किती, पुढच्या देखभालीचा बोजा किती. ती ओळ समोर आली की सभेतलं बोलणं बदलतं. त्या निवृत्त शिक्षिकांसारखं कोणी तरी प्रत्येक सोसायटीत असतं. हिशेब उघड लिहिलेला असला तर त्यांचं म्हणणं हट्ट ठरत नाही, ठराव होऊन इतिवृत्तात नोंदवलं जाऊ शकतं.